गोवर्धनराम : वकिलीची मुदत आणि लेखनाचे ऋण

लेखनावर पोट भरत नाही, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. शाळेतला मास्तर, कचेरीतला कारकून, कोर्टातला वकील उरल्यासुरल्या वेळात लिहितो आणि सेवानिवृत्तीनंतर मनसोक्त लिहू, अशी स्वतःची समजूत घालीत राहतो. ती निवृत्ती येते तेव्हा अंगातली उमेद बहुधा ओसरलेली असते. 'सरस्वतीचंद्र' या चार भागांच्या गुजराती महाकादंबरीचे कर्ते गोवर्धनराम माधवराम त्रिपाठी यांनी या दुखण्यावर विशीतच एक उपाय योजिला होता. पदवीधर होताच त्यांनी तीन संकल्प केले : कायद्याची पदवी घ्यावयाची, कोणाचीही चाकरी न करता मुंबईत स्वतंत्रपणे वकिली करावयाची, आणि चाळिसाव्या वर्षी वकिली सोडून उरलेले आयुष्य साहित्याला व समाजाला द्यावयाचे.

तरुणपणी असे संकल्प पुष्कळजण करतात. गोवर्धनरामांचे वेगळेपण हे की, त्यांनी ते कर्जखतासारखे पाळले. वकिलीकडे त्यांनी मुदतीचे काम म्हणून पाहिले आणि लेखनाकडे फेडावयाचे ऋण म्हणून. मुदत संपल्यावर, थोड्या उशिराने का होईना, त्यांनी मुंबईची चालती वकिली बंद केली. या व्रताने त्यांना काय दिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तपासून पाहणे आजही उद्बोधक ठरेल.

नडियाद ते मुंबई

गोवर्धनरामांचा जन्म २० ऑक्टोबर १८५५ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, नडियाद येथे वडनगरा नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. काठेवाड-गुजरातच्या संस्थानांत दिवाणगिरी व कारभार करण्याची या ज्ञातीची परंपरा मोठी. त्यांच्या वडिलांची मात्र मुंबईत पेढी होती. त्यामुळे मुलाचे शिक्षण काही नडियादला आणि पुढे मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये झाले. एकीकडे संस्कृत काव्य व वेदान्त, दुसरीकडे इंग्रजी तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र, असा त्या काळच्या पदवीधराचा दुहेरी व्यासंग त्यांनी मनापासून केला. १८७४ साली त्यांची पहिली पत्नी हरिलक्ष्मी बाळंतपणानंतर वारली. अठरा-एकोणीस वर्षांच्या या विधुराने आपला शोक संस्कृत श्लोकांत मांडला. त्याच दुःखाचे पक्व रूप पुढे 'स्नेहमुद्रा' (१८८९) या काव्यात दिसते.

१८७५ साली ते बी. ए. झाले आणि तीन संकल्प उच्चारले गेले. पण लवकरच वडिलांच्या पेढीला ओहोटी लागली आणि संकल्पांची परीक्षा सुरू झाली. कायद्याची परीक्षा लांबत गेली. घर चालविण्यासाठी १८७९ मध्ये भावनगर संस्थानचे दिवाण सामळदास परमानंददास मेहता यांच्याकडे त्यांना नोकरी धरावी लागली. चाकरी करणार नाही म्हणणाऱ्याने चाकरी केली! परंतु ही चार वर्षे वाया गेली नाहीत. राजाचा कान, कारभाऱ्यांची कारस्थाने, गोऱ्या एजंटाची मर्जी, या सर्वांचा खेळ त्यांना दिवाणाच्या शेजारी बसून पाहावयास मिळाला. 'सरस्वतीचंद्रा'च्या पहिल्या भागातले सुवर्णपूर आणि तिसऱ्या भागातली रत्ननगरी ही संस्थाने कल्पित असली, तरी त्यांच्या कारभाराचा तपशील ज्याने दफ्तर हाताळले आहे त्यालाच सुचावा असा आहे. १८८३ साली एल्‌एल. बी. होताच त्यांनी भावनगर सोडले आणि १८८४ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीला आरंभ केला.

वकिलाच्या टेबलावरची कादंबरी

तो काळ मुंबईच्या न्यायालयाच्या इतिहासात मोठा गजबजलेला होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये न्यायासनावर आले. त्यांच्या अकाली निधनानंतर १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आले. मोफसलातून येणारी अपिले म्हणजे त्या काळच्या हिंदू कुटुंबाचा उघडा संसारच होता. दत्तकाचे तंटे, एकत्र कुटुंबाच्या वाटण्या, विधवांच्या अन्नवस्त्राचे दावे, वतनांचे वाद यांनी दफ्तरे भरलेली असत. घराच्या उंबरठ्याआड जे झाकले जाते ते कोर्टाच्या कागदांत निवाड्यासाठी मांडावे लागते. अशा कागदांचा संग ज्याला रोज घडतो, त्याला कुटुंबसंस्थेची केवळ स्तोत्रे गाता येत नाहीत आणि केवळ निंदाही करवत नाही.

गोवर्धनरामांनी १८८५ साली 'सरस्वतीचंद्र' लिहावयास घेतली. समाजाच्या स्थितीवर निबंध लिहावेत, असा त्यांचा मूळ बेत होता. परंतु निबंध थोड्यांच्या हाती जातो आणि कथा घराघरांत शिरते, हे ओळखून त्यांनी कादंबरीचा मार्ग धरला. पहिला भाग १८८७ मध्ये, दुसरा १८९२ मध्ये, तिसरा १८९८ मध्ये आणि चौथा १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यात संस्थानी कारभार, दुसऱ्यात एकत्र कुटुंब, तिसऱ्यात राजनीती आणि चौथ्यात धर्म व देशकल्याण, अशी ढोबळ विभागणी करता येते. या चार भागांना बांधणारे कथासूत्र मात्र अगदी साधे आहे.

मुंबईतील श्रीमंत व्यापारी लक्ष्मीनंदन यांचा विद्वान मुलगा सरस्वतीचंद्र आणि रत्ननगरीचे प्रधान विद्याचतुर यांची कन्या कुमुदसुंदरी यांचा वाङ्‌निश्चय झालेला आहे. दोघांचे मनही जुळले आहे. सावत्र आईच्या कारस्थानामुळे वडिलांच्या मनात किल्मिष येते. त्यांच्या शब्दाने दुखावलेला हा मानी तरुण एकाएकी घर, संपत्ती आणि वाग्दत्त वधू यांचा त्याग करून निघून जातो. लोकापवादाच्या भयाने कुमुदचे लग्न सुवर्णपूरच्या बुद्धिधन अमात्याचा दुर्वर्तनी मुलगा प्रमादधन याच्याशी उरकले जाते. नाव बदलून भटकणारा सरस्वतीचंद्र नेमका त्याच घरी पाहुणा म्हणून येऊन राहतो आणि आपल्या त्यागाने काय घडविले, हे त्याला डोळ्यांनी पाहावे लागते.

नायकाचा त्याग, लेखकाचा त्याग

येथे या कादंबरीचे मर्म आहे. आपल्या परंपरेत त्याग हा शब्द उच्चारला की टीका थांबते. गोवर्धनरामांनी ती थांबू दिली नाही. सरस्वतीचंद्राचा त्याग उदात्त आहे, पण उतावळा आहे. कोणाचे देणे कोणाकडे राहिले, याचा विचार न करता तो निघाला, आणि ते देणे कुमुदला आयुष्यभर फेडावे लागले. त्याचा मित्र चंद्रकांत त्याला शोधीत फिरतो, त्याच्याशी वाद घालतो. त्याचे स्वतःचे मन त्याला फिर्यादीसारखे प्रश्न विचारते. पुढचे तीन भाग म्हणजे त्या एका कृत्यावर चाललेला दीर्घ खटलाच होय.

नायक एका क्षणात घर सोडतो. त्याच्या निर्मात्याने मात्र वकिली सोडण्यासाठी वीस-बावीस वर्षे तयारी केली. १८८८ पासून १९०६ पर्यंत त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या खासगी टिपणवह्या 'स्क्रॅप बुक' या नावाने १९५०नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाल्या. स्वतःला सल्ला देणाऱ्या आणि स्वतःचीच उलटतपासणी घेणाऱ्या माणसाच्या या वह्या आहेत. घरातली माणसे, त्यांचे रुसवेफुगवे, मिळकत, खर्च, आई-वडिलांचे ऋण, पत्नीची आणि मुलांची तरतूद, निवृत्त व्हावे की नाही आणि केव्हा, या सर्वांचा काथ्याकूट त्यांत आहे. चाळिसावे वर्ष १८९५ मध्ये पुरे झाले. परंतु घरची जबाबदारी पुरी झाली नव्हती. म्हणून ते तीन वर्षे थांबले. १८९८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वकिलीचा जम बसलेला असताना त्यांनी मुंबई सोडली आणि ते नडियादला परतले. धनलोभ आवरणे कठीण. त्यागाचा लोभ आवरून तीन वर्षे वाट पाहणे त्याहून कठीण. नायकाला जे जमले नाही ते लेखकाने करून दाखविले, असे येथपर्यंत तरी म्हणता येते.

निवाडा कोठे अडला?

पण या कादंबरीच्या न्यायालयात एक दावा असा आला की, तेथे वकील-कादंबरीकाराची लेखणी अडखळली. चौथ्या भागात प्रमादधन मरण पावला आहे. नदीत वाहून गेलेली कुमुद वाचून सुंदरगिरीवरच्या साध्वींच्या आश्रयाला आली आहे. सरस्वतीचंद्रही त्याच डोंगरावर आहे. दोघांचे प्रेम अभंग आहे. तेथील साधुसाध्वी त्या प्रेमाला दोष देत नाहीत. कायद्याची आडकाठी तर मुळीच नाही. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच, म्हणजे लेखकाच्या जन्मानंतर वर्षभरातच, झाला होता. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता, हेही उच्च न्यायालयाच्या वकिलाला सांगावे लागत नव्हते. सरस्वतीचंद्र व कुमुद यांच्या बाबतीत मिळकतीचा मोह नव्हताच. वाट मोकळी होती.

तरीही लग्न होत नाही. कुमुद वैराग्य पत्करते आणि आपली धाकटी बहीण कुसुम हिच्याशी सरस्वतीचंद्राने विवाह करावा, असा आग्रह धरते. लग्नच नको म्हणणारी कुसुम शेवटी त्याच्याशी विवाहबद्ध होते. विद्वानांच्या वसाहतीची, 'कल्याणग्रामा'ची, योजना पुढे येते आणि ग्रंथाची पूर्णाहुती होते. लोकांना बरोबर घेऊनच लोकोद्धार करता येतो आणि वर्ज्य विवाह करणाऱ्या जोडप्याला लोक आपले मानणार नाहीत, अशी या शेवटामागची भूमिका आहे. ती भित्री आहे असे एकदम म्हणून टाकणे अन्यायाचे होईल. पुनर्विवाहाचा कैवार घेणाऱ्या रानड्यांनाही १८७३ साली पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर वडिलांच्या आग्रहापुढे नमून अल्पवयीन कुमारिकेशी विवाह करावा लागला होता, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. त्या पिढीचा कोंडमारा खराच होता.

तथापि त्याच मुंबईत, त्याच न्यायालयात, त्याच वर्षांत रखमाबाईंचा खटला चालला होता. बालपणी झालेल्या विवाहाचे बंधन मानून पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे त्या तरुणीने नाकारले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये नांदावयास जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम झाला. तिने तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन ती मुक्त झाली आणि पुढे डॉक्टर झाली. 'सरस्वतीचंद्रा'चा पहिला भाग याच १८८७ सालचा. न इच्छिलेल्या नवऱ्याच्या घरी मुकाट्याने नांदणारी कुमुद आणि न्यायासनासमोर नाही म्हणणारी रखमाबाई एकाच शहराच्या एकाच वर्षात उभ्या आहेत. गोवर्धनरामांची सहानुभूती कुमुदच्या दुःखापर्यंत पूर्ण पोचते. तिच्या नकारापर्यंत पोचत नाही.

हरि नारायण आपट्यांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणुकी'त येऊ लागली. तिच्यातील यमूही सोसते. परंतु तिच्या सोसण्याला आपटे कोणतेही तेज चढवीत नाहीत. केशवपनाचा प्रसंग वाचून वाचकाला लाज वाटावी, अशीच त्यांची योजना आहे. गोवर्धनराम मात्र सोसण्यातून साध्वी घडवितात. दुसऱ्या भागातील गुणसुंदरी, भरल्या घराचा गाडा एकटीने ओढणारी ती सून, त्यांनी इतक्या बारकाव्याने रंगविली आहे की, एकत्र कुटुंब स्त्रीच्या श्रमांवर कसे उभे असते याचा तो जणू पंचनामाच ठरावा. पण पंचनामा लिहून होताच लेखक तिची आरती ओवाळतो.

लीलावती

या आदर्शाची झळ लेखकाच्या घरालाही लागली. थोरली मुलगी लीलावती हिला त्यांनी स्वतः लक्ष घालून शिकविले. आपल्या कल्पनेतील सुशील, विदुषी आर्य स्त्री तिच्यात साकार व्हावी, ही त्यांची आकांक्षा होती. लग्नानंतर तिच्या वाट्याला कष्ट आले. तिने ते शिकवणुकीप्रमाणे तक्रार न करता सोसले. १९०२ साली, चौथा भाग प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, क्षयाने तिचा अंत झाला. त्या वेळी ती एकवीस वर्षांची होती. १९०५ मध्ये गोवर्धनरामांनी 'लीलावती जीवनकला' हे तिचे चरित्र लिहिले. बापाने मुलीचे चरित्र लिहावे, ही गोष्टच त्या काळी अपूर्व होती. परंतु ते पुस्तक वाचणाऱ्याचे मन शांत राहत नाही. तिच्या सहनशीलतेत बापाला आदर्शाची सिद्धी दिसते, तर वाचकाला टाळता आले असते असे मरण दिसते. पुढील काळातील अभ्यासकांनी गोवर्धनरामांच्या विचारावर जी कठोर टीका केली, तिचा रोख बऱ्याच अंशी येथेच आहे.

गोवर्धनराम दांभिक नव्हते. शोक खरा होता आणि श्रद्धाही खरी होती. मात्र ज्याने आयुष्यभर देण्याघेण्याचा चोख हिशेब ठेवला, त्याच्या खातेवहीत स्त्रियांनी दिलेल्याची नोंद सतत पुण्याच्या रकान्यात झाली, देण्याच्या रकान्यात कधी झाली नाही. वकिलाची दृष्टी असलेल्या लेखकाची ही उणीव सामान्य लेखकाच्या उणिवेपेक्षा अधिक खटकते.

पुढची पिढी या पेचातून कशी बाहेर पडली, याचे उदाहरणही मुंबईच्या न्यायालयातच सापडते. कन्हैयालाल मुनशी यांचा जन्म १८८७ चा, 'सरस्वतीचंद्रा'च्या पहिल्या भागाच्याच वर्षातला. त्यांनी मुंबईत वकिलीही गाजविली आणि 'गुजरातनो नाथ'सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. पण धंदा सोडून साधना करण्याचा संकल्प त्यांच्या स्वभावातच नव्हता. वकिली, राजकारण, मंत्रिपद, संस्था आणि लेखन हे सर्व त्यांनी एकाच वेळी चालविले. गोवर्धनरामांच्या कथेत वाद संथ चालतात आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे पानेच्या पाने ऐकून घेतले जाते. मुनशींच्या कथेत उलटतपासणीची झटापट आहे. मुनशींनी १९२६ साली स्वतः विधवेशी विवाह केला. योगायोगाने तिचेही नाव लीलावती होते. जे कुमुदला मिळाले नाही ते चाळीस वर्षांच्या आत त्याच वकीलवर्गात घडून आले.

मुदतीचा जमाखर्च

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. पोटाचा धंदा वेळीच सोडल्याने लेखकाला काय मिळाले? तारखा पाहिल्या तर उत्तर अनपेक्षित येते. 'सरस्वतीचंद्रा'चे पहिले दोन भाग, 'स्नेहमुद्रा', टीकाकार नवलराम यांच्या 'कविजीवना'वरील पुस्तक (१८९१) आणि गुजरातच्या प्राचीन कवींवरील इंग्रजी निबंध (१८९४) हे सर्व वकिलीच्या चौदा वर्षांतले आहे. तिसरा भाग निवृत्तीच्याच वर्षी निघाला. म्हणजे त्याचीही घडण वकिली चालू असतानाच झाली. ज्या मोकळ्या आयुष्यासाठी सारा खटाटोप केला, त्या आयुष्याने कादंबरीचा एकच भाग पुरा करून दिला. तोही चिंतनाने इतका जड झाला आहे की, कथा म्हणून पहिला भागच सरस, असे मानणाऱ्या वाचकांची संख्या आजही मोठी आहे.

दैवानेही साथ दिली नाही. निवृत्तीच्याच साली नडियादचे त्यांचे समकालीन मणिलाल नभुभाई द्विवेदी वारले. चार वर्षांनी लीलावती गेली. १९०५ साली अहमदाबादला भरलेल्या गुजराती साहित्य परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ४ जानेवारी १९०७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्कावन्न. योजिलेले बरेचसे लेखन अपुरे राहिले. विद्याव्रती जीवनावरील 'साक्षरजीवन' हा ग्रंथही त्यांच्या पश्चात, १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा त्यांचा संकल्प फुकट गेला काय? तसे म्हणता येणार नाही. अखेरची मुदत डोळ्यांपुढे होती म्हणूनच वकिलीच्या दिवसांत त्यांनी एकही वर्ष वाया जाऊ दिले नाही. संस्थानांतली बोलावणी त्यांनी नाकारली, गरजा मर्यादित ठेवल्या. अशिलाच्या कामात हयगय न करता उरलेल्या वेळावर लेखनाचा हक्क पक्का केला. ज्या कचेरीला आणि कोर्टाला लेखक सहसा आपला शत्रू मानतो, त्यांनीच त्यांना माणसे पुरविली, तंटे पुरविले आणि दोन्ही बाजू ऐकण्याची सवय लावली. निवृत्ती हे त्यांचे ध्येय होते. त्या ध्येयाची खरी फळे मात्र निवृत्तीपूर्वीच हाती आली होती.

'सरस्वतीचंद्र' पुढे रंगभूमीवर आली, १९६८ साली गोविंद सरैया यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट काढला, २०१३ मध्ये ती दूरदर्शन-मालिकेच्या रूपाने घरोघर पोचली आणि २०१५ पासून त्रिदीप सुहृद यांनी केलेला तिचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला. पडद्यावर पोचली ती मुख्यतः प्रेमकथा. त्या प्रेमकथेखाली एका वकिलाने आपल्या समाजाविरुद्ध, आपल्या नायकाविरुद्ध आणि नकळत स्वतःविरुद्धही गोळा केलेला जो पुरावा आहे, तो मूळ ग्रंथाच्या पानांतच वाचावा लागतो. शेवटचा निवाडा देताना लेखक कचरला असेल. परंतु पुरावा त्याने दडविला नाही. म्हणूनच त्याच्या निकालावर अपील करण्याची सोय प्रत्येक पिढीतल्या वाचकाला राहिली आहे.